आमिषाचा कायदा : न्यूफाउंडलंडच्या इतिहासातील एक प्रकरण

‘आमिष’ हा शब्द मराठीत आज प्रामुख्याने लाक्षणिक अर्थाने वावरतो. नोकरीचे आमिष, पैशाचे आमिष, लग्नाचे आमिष अशा रूपांत तो वृत्तपत्रांतून रोज भेटतो. मूळ संस्कृतात आमिष म्हणजे मांस. ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ या जोडीत तो अर्थ अद्याप शाबूत आहे. मांसाचा तुकडा गळाला लावून माशाला भुलवायचे, म्हणून आमिष म्हणजे गळाला लावायचे भक्ष्य आणि तेथून पुढे लालूच, असा या शब्दाचा प्रवास झालेला दिसतो. या प्रवासात एक गोष्ट मात्र मागे राहिली. लाक्षणिक आमिष कितीही दिवस दाखवता येते. खरे आमिष नासते. कोकणच्या खाडीवर गरी टाकून बसणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. कालची कोळंबी आणि आजची कोळंबी यांतला फरक त्याच्याआधी माशाला कळतो.

नासण्याचा हा गुणधर्म वरवर पाहता क्षुल्लक. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अटलांटिकमध्ये याच गुणधर्मावर एका छोट्या वसाहतीने आपले सारे राजकारण उभे केले, त्यासाठी कायदा केला, आणि त्या कायद्यापायी ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका व कॅनडा या चौघांशीही तिने वितुष्ट घेतले. ही वसाहत म्हणजे न्यूफाउंडलंड. कायद्याचे इंग्रजी नाव ‘बेट ॲक्ट’. मराठी कानाला त्यात बेटाचा भास होतो आणि तो अगदीच अस्थानी नाही, कारण त्या बेटाच्या दृष्टीने तो अस्तित्वाचाच प्रश्न होता. प्रस्तुत लेखात या प्रकरणाचा मागोवा घ्यायचा आहे. तो घेताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा लागेल : नाशवंत वस्तूची कोंडी करून बलाढ्य शत्रूला नमवण्याचा विचार जेव्हा एखादे सरकार करते, तेव्हा त्या कोंडीची किंमत प्रत्यक्षात कोण चुकवतो?

न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेस समुद्रतळ उंचावून ग्रँड बँक्स नावाचे विस्तीर्ण उथळ पट्टे तयार झाले आहेत. लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचे उबदार पाणी यांचा येथे संगम होतो. दाट धुके आणि विपुल मासे ही त्या प्रदेशाची दोन वैशिष्ट्ये. शतकानुशतके युरोपातील जहाजे येथे कॉड माशासाठी येत राहिली. खारवून वाळवलेला कॉड हे स्पेन, पोर्तुगाल, इटली येथील उपवासाच्या दिवसांचे अन्न होते आणि वेस्ट इंडीजमधील मळ्यांवरील गुलामांचेही. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९७ साली प्रसिद्ध केलेली ‘कॅप्टन्स करेजस’ ही कादंबरी याच पाण्यावर घडते. ज्यांनी ती वाचली असेल, त्यांना त्यातल्या ‘डोरी’ आठवतील. डोरी म्हणजे सपाट तळाची लहानशी होडी. मोठ्या स्कूनर गलबतावर अशा अनेक होड्या एकीत एक बसवून ठेवलेल्या असत. मासेमारीच्या जागी पोहोचले की त्या पाण्यात सोडत आणि बहुधा दोन-दोन माणसे एकेका होडीतून धुक्यात शिरत.

या होड्यांतून जो दोर समुद्राच्या तळाशी पसरला जाई, त्याला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला गळ असे. एका डोरीच्या वाट्याला शेकडो, कधी हजाराहूनही अधिक गळ येत. प्रत्येक गळाला आमिष लावायचे, दोर सोडायचा, ओढायचा, मासे काढायचे आणि पुन्हा नव्याने आमिष लावायचे. एका गळबताला एका हंगामात आमिषाची केवढी रास लागत असेल, याची यावरून कल्पना करता येईल. एका हातदोरीने मासे धरण्याच्या जुन्या पद्धतीत ही गरज मर्यादित होती. लांब दोरांची पद्धत रूढ झाल्यावर कॉड पकडण्याचा उद्योग हा आधी आमिष मिळवण्याचा उद्योग बनला.

आमिषासाठी वापरायचे जीव ऋतूनुसार बदलत. वसंतात हेरिंग, जून-जुलैत कॅपलिन आणि ऑगस्टपासून शरदापर्यंत माकूल असा साधारण क्रम होता. फ्रेंच गलबतांच्या सफरीही याच तीन आमिषांच्या वेळापत्रकावर बेतलेल्या असत. हेरिंग तेलकट, त्याचा वास पाण्यात चांगला पसरतो, पण त्याचे मांस मऊ असल्यामुळे ते गळावरून लवकर सुटते. कॅपलिन हा बोटभर लांबीचा चंदेरी मासा. उन्हाळ्याच्या आरंभी अंडी घालण्यासाठी त्यांचे थवे लाटांबरोबर थेट किनाऱ्याच्या गोट्यांवर येऊन पडतात. बायकामुले टोपल्यांनी ते गोळा करीत आणि जे उरत ते बटाट्याच्या शेतात खत म्हणून टाकीत. कोकणात माडांना माशांचे खत घालतात, त्याचीच ही दूरची आवृत्ती. माकुलाचे मांस चिवट. ते गळाला घट्ट धरून राहते. म्हणून माकूल लागताच सारी माणसे हातातली कामे टाकून त्यामागे धावत.

हे सर्व जीव न्यूफाउंडलंडच्या आखातांत आणि किनाऱ्यालगत मुबलक मिळत. मासेमारीची जागा मात्र खोल समुद्रात, किनाऱ्यापासून दिवसाच्या किंवा कित्येक दिवसांच्या अंतरावर. या अंतरामुळेच आमिष टिकवण्याचा प्रश्न निर्माण होई. त्यावर दोन उपाय होते, मीठ आणि बर्फ. खारवलेले आमिष महिनोन् महिने राहते. अमेरिकन गलबते पिंपांतून खारवलेल्या तिसऱ्यांचे मांस नेत असत. परंतु मीठ मांसातील पाणी बाहेर ओढून घेते आणि त्याबरोबर कॉडला खेचून आणणारा रसही कमी होतो. कॉड डोळ्यांपेक्षा वासावर आणि हनुवटीखालच्या मिशीच्या स्पर्शावर भक्ष्य शोधणारा मासा आहे. मांसातून पाण्यात झिरपणारी अमिनो आम्ले त्याला दुरून बोलावतात. हा झरा आमिष पाण्यात पडताच जोरात वाहतो आणि लवकरच ओसरतो. आमिष आधीच शिळे किंवा निचरून गेलेले असेल तर तो मुळातच क्षीण असतो. कोळ्यांना हे रसायन ठाऊक नव्हते, पण एकाच पाण्यात ताज्या हेरिंगने भरलेली होडी आणि खारट आमिषावर अर्धी परतलेली होडी त्यांनी पाहिलेली होती.

दुसरा उपाय बर्फाचा. तळघरातील कप्प्यांत फोडलेला बर्फ आणि आमिष यांचे थर आळीपाळीने रचले की ते काही दिवस, फार तर दोन-एक आठवडे, कामाचे राही. मग गलबताला किनाऱ्याकडे वळावेच लागे. आजही छंद म्हणून कयाकसारख्या चिंचोळ्या होडीतून समुद्रात जाणारा माणूस बर्फाच्या पेटीत माकूल ठेवतो, वितळलेल्या गोड्या पाण्यात ते भिजून पांढरे पडू नये म्हणून पिशवीत बांधतो आणि उन्हापासून झाकतो. त्याच्यापुढे एका दिवसाचा प्रश्न असतो. ग्रँड बँक्सवरच्या गलबतापुढे तोच प्रश्न संपूर्ण हंगामाचा होता, आणि त्याचे उत्तर परक्या किनाऱ्यावर होते.

परक्या किनाऱ्यावर जाण्याचा अधिकार कोणाला, याची उत्तरे तहांमध्ये होती. पण तह करणाऱ्यांना आमिषाचे महत्त्व उमगलेले नव्हते. १८१८ साली ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात जो करार झाला, त्यात अमेरिकन मच्छीमारांना काही विशिष्ट किनारे सोडता इतरत्र केवळ चार कारणांसाठी बंदरात शिरण्याची मुभा दिली होती : आश्रय, दुरुस्ती, लाकूड आणि पाणी. अन्य कोणत्याही कारणासाठी नाही, असे त्यात स्पष्ट नमूद होते. आमिष या यादीत नव्हते, बर्फही नव्हता. पुढे मासेमारीची रीत बदलली आणि या दोन गैरहजर शब्दांवर जवळजवळ शतकभर खल चालला. १८८८ सालच्या एका तात्पुरत्या व्यवस्थेनुसार अमेरिकन गलबतांना टनामागे दीड डॉलर भरून कॅनडा व न्यूफाउंडलंडच्या बंदरांत आमिष आणि बर्फ विकत घेण्याचा परवाना मिळू लागला. मच्छीमारीच्या क्षमतेवर नव्हे, आमिष घेण्याच्या अधिकारावर बसवलेला हा कर होता.

या तणावाची एक ठिणगी त्याआधी, ६ जानेवारी १८७८ रोजी, फॉर्च्यून बे या दक्षिणेकडील आखातात उडाली होती. १८७१च्या वॉशिंग्टन तहाने अमेरिकनांना तेथे मासेमारीची मोकळीक दिली होती. हिवाळ्यात हेरिंग पकडायचे, ते तेथील कडाक्याच्या थंडीतच गोठवायचे आणि मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर बंदराकडे न्यायचे, असा व्यवहार चाले. एरव्ही अमेरिकन हे हेरिंग स्थानिकांकडून विकत घेत. त्या दिवशी मात्र त्यांनी आपल्या रापणीसारख्या मोठ्या जाळ्यांनी ते स्वतःच ओढायला घेतले. वार रविवार होता. विश्रांतीच्या दिवशी, आपल्या किनाऱ्यावर, आपलाच घास हिरावला जात आहे हे पाहून स्थानिक कोळी धावून आले आणि त्यांनी अमेरिकनांना पिटाळून लावले. वाद दोन राष्ट्रांपर्यंत गेला आणि अखेर १८८१ साली ब्रिटनने १५,००० पौंड देऊन तो मिटवला. घटनेचे वर्णन बहुधा धार्मिक भावना दुखावल्याचे प्रकरण म्हणून केले जाते. धार्मिक भावना होतीच. परंतु विकत घेणारा गिऱ्हाईक जेव्हा स्वतःच पकडू लागतो, तेव्हा विकणाऱ्याचे काय होते, हा प्रश्नही त्या जाळ्यात अडकलेला होता.

येथे दक्षिण किनाऱ्यावरील या माणसांची स्थिती समजून घेणे आवश्यक आहे. न्यूफाउंडलंडचा मच्छीमार सावकारी चक्रात जगत असे. वसंतात व्यापाऱ्याकडून पीठ, मीठ, दोर उधारीवर घ्यायचे आणि शरदात वाळवलेला कॉड त्याच व्यापाऱ्याला त्याने ठरवलेल्या भावाने द्यायचा. हिशेब वहीत जमा-खर्च होई. हातात नाणे क्वचितच पडे. आपल्याकडच्या खोताच्या किंवा सावकाराच्या वहीशी परिचित असलेल्या वाचकाला हे चित्र नवे वाटणार नाही. या चक्रातून सुटण्याची एक फट फॉर्च्यून बे आणि प्लॅसेन्शिया बे येथील लोकांना मिळाली होती. तेथून जवळच सेंट पिएर आणि मिकलॉन ही फ्रेंच बेटे आहेत. १७६३च्या पॅरिस तहानंतर उत्तर अमेरिकेतील विस्तीर्ण मुलूख गमावलेल्या फ्रान्सकडे ही दोनच बेटे मासेमारीचा आश्रय म्हणून उरली. ब्रिटनी आणि नॉर्मंडीच्या बंदरांतून आलेली फ्रेंच गलबते तेथे जमत आणि त्यांना ताजे आमिष हवे असे. दक्षिण किनाऱ्यावरचा कोळी हेरिंग किंवा कॅपलिन भरून तेथे नेई आणि रोख पैसे घेऊन परते. येताना फ्रेंच ब्रँडी आणि तंबाखूही आणी, जकात न भरता. सेंट जॉन्सच्या व्यापाऱ्यांना या व्यवहाराविषयी प्रेम नसणे स्वाभाविकच होते.

व्यापाऱ्यांची आणखी मोठी तक्रार फ्रेंच सरकारच्या अनुदानाविषयी होती. फ्रान्स आपल्या निर्यात होणाऱ्या कॉडवर अनुदान देत असे. भूमध्यसमुद्रातील बाजारपेठांत हा स्वस्त फ्रेंच कॉड न्यूफाउंडलंडच्या कॉडला मागे सारू लागला. आणि तो पकडला जात होता न्यूफाउंडलंडनेच विकलेल्या आमिषावर. सर रॉबर्ट थोरबर्न यांच्या सरकारने मांडलेला युक्तिवाद यामुळे बिनतोड वाटत होता. आपल्याकडे आरमार नाही, तह आपण केलेले नाहीत, अनुदान द्यायला खजिना नाही; पण आमिष आपल्याकडे आहे आणि ते फ्रान्सहून आणता येत नाही. १८८६ साली विधिमंडळाने आमिष-मासे पकडणे, विकणे व निर्यात करणे यांवर परवान्याचे बंधन घालणारा कायदा संमत केला. फ्रान्सची मर्जी सांभाळणाऱ्या लंडनने त्यास संमती नाकारली. १८८७ साली तो पुन्हा संमत झाला. या वेळी लंडनला मान्यता द्यावी लागली आणि १८८८च्या हंगामापासून अंमलबजावणी सुरू झाली.

एका वसाहतीच्या स्वाभिमानाचा हा विजय होता, असे तेथील इतिहासात लिहिले गेले आणि ते खोटे नाही. परंतु कायदा अमलात आणायचा म्हणजे काय करायचे? गस्तीच्या आगबोटी फॉर्च्यून बे आणि प्लॅसेन्शिया बे येथे फिरू लागल्या. त्यांनी अडवायचे होते ते फ्रेंच गलबतांना नव्हे. फ्रेंच गलबते आपल्या बेटावर उभी होती. अडवायचे होते ते होडीत हेरिंग भरून निघालेल्या आपल्याच माणसाला. वर्षातून एकदा ज्याच्या हाती रोख पैसा पडत होता, तो आता गुन्हेगार ठरला. जे पिढ्यान् पिढ्या व्यापार म्हणून चालत आले होते, त्याचे नाव एका रात्रीत तस्करी झाले. धुके दाट, रात्री काळोख्या आणि अंतर थोडे, म्हणून व्यवहार चोरून चालूच राहिला. पण चोरीचा माल अर्थातच कमी भावाने जातो. १८८९च्या निवडणुकीत थोरबर्न सरकारचा पराभव झाला आणि सर विल्यम व्हाइटवे सत्तेवर आले. पराभवाची कारणे अनेक होती. दक्षिण किनाऱ्यावरचा रोष त्यात नव्हता असे म्हणता येणार नाही.

आणि फ्रान्स? पहिल्या हंगामांत फ्रेंचांची अडचण झाली. मग त्यांनी दोन वाटा काढल्या. न्यूफाउंडलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर १७१३च्या युट्रेक्ट तहापासून चालत आलेले त्यांचे मासेमारीचे हक्क होते. हा भाग ‘फ्रेंच किनारा’ म्हणूनच ओळखला जाई. तेथील सेंट जॉर्जेस बेमधून वसंतातले हेरिंग त्यांना मिळू लागले. दुसरी वाट अधिक कल्पक होती. ग्रँड बँक्सच्या तळाशीच शंखवर्गीय सागरी गोगलगायी विपुल आहेत; फ्रेंच त्यांना ‘ब्युलो’ म्हणतात. मासळीची डोकी किंवा टाकाऊ मांस ठेवलेल्या जाळीदार टोपल्या तळाशी सोडल्या की या गोगलगायी त्यांत गोळा होतात. त्या शंखात दीर्घकाळ जिवंत राहत, म्हणून बर्फ नको, मीठ नको, किनाराही नको. शंख फोडून त्यातले चिवट मांस गळाला लावणे हे कष्टाचे काम खरे. पण ज्या नाशवंतपणावर न्यूफाउंडलंडने आपला कायदा रचला होता, तो प्रश्नच या गोगलगायीने निकालात काढला. आमिष मासेमारीच्या जागीच, जिवंत मिळू लागल्यावर कोंडीत काय अर्थ उरला?

तरीही हे शस्त्र म्यान करणे वसाहतीला जमले नाही. १८९० साली रॉबर्ट बाँड यांनी अमेरिकेशी स्वतंत्र करार जुळवत आणला : अमेरिकनांना आमिष, आणि त्या बदल्यात न्यूफाउंडलंडच्या मासळीला अमेरिकेत जकातमुक्त प्रवेश. कॅनडाने विरोध केला आणि लंडनने करार अडवला. रागाच्या भरात न्यूफाउंडलंडने आमिष कायदा कॅनडाच्या गलबतांना लावला, कॅनडाने न्यूफाउंडलंडच्या मासळीवर जकात बसवली आणि दोन शेजारी वसाहतींतला हा तंटा १८९२पर्यंत चालला. पुढे बाँड पंतप्रधान झाले. त्यांचा अमेरिकेशी करण्याचा दुसरा प्रयत्नही अमेरिकन सिनेटमध्ये निष्फळ ठरला, तेव्हा १९०५च्या कायद्याने त्यांनी अमेरिकन गलबतांचे आमिष बंद केले. या वेळी पश्चिम किनाऱ्यावरील बे ऑफ आयलंड्समध्ये हिवाळी हेरिंगवर जगणारे स्थानिक मजूर कायद्याच्या कचाट्यात सापडले. अमेरिकनांसाठी काम करणे हीच त्यांची हिवाळ्यातली मिळकत होती. हा वाद हेग येथील लवादापुढे गेला आणि ७ सप्टेंबर १९१० रोजी निकाल लागला. वाजवी नियमन करण्याचा ब्रिटनचा, पर्यायाने न्यूफाउंडलंडचा, अधिकार त्यात मान्य झाला.

त्यापूर्वी एक विलक्षण नोंद इतिहासात होऊन गेली होती. ८ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात जे सामंजस्य झाले, ते ‘आँतांत कॉर्दियाल’ या नावाने सर्वपरिचित आहे. पहिल्या महायुद्धाच्या गटबाजीचा पाया म्हणून विद्यार्थी ते पाठ करतात. इजिप्त आणि मोरोक्को यांच्या वाटणीची चर्चा करतात. त्याच दिवशी सही झालेल्या न्यूफाउंडलंडविषयक करारात फ्रान्सने ‘फ्रेंच किनाऱ्या’वरील जुने हक्क सोडले. मात्र उन्हाळ्यात तेथे मासे पकडण्याची, आणि स्थानिकांच्याच अटींवर बंदरांतून आमिष मिळवण्याची मुभा त्याने राखून ठेवली. १८१८च्या करारात ज्या शब्दाला जागा मिळाली नव्हती, तो १९०४ साली दोन साम्राज्यांच्या करारात सन्मानाने येऊन बसला. पाठ्यपुस्तकांनी मात्र त्याला अजून आत घेतलेले नाही.

विसाव्या शतकात यांत्रिक शीतगृहे आली, सरकारी आमिष-कोठारे उभी राहिली आणि ताजेपणाचे ते जुने राजकारण विरून गेले. पुढे तळ खरवडणारी ट्रॉलर जहाजे आली. त्यांना आमिषच लागत नव्हते. गळ नाही, आमिष नाही, वेळापत्रक नाही; फक्त जाळे आणि इंजिन. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने उत्तरेकडील कॉडची मासेमारी बंद केली आणि सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. कॉडच्या आगेमागेच कॅपलिनचे थवेही कोसळले होते. २०२४ साली, ३२ वर्षांनी, ती बंदी मर्यादित प्रमाणात उठवण्यात आली. कॉड पूर्वीसारखा का परतत नाही, याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ वारंवार कॅपलिनपाशी येऊन थांबतात, कारण कॅपलिन हे कॉडचे मुख्य अन्न आहे. माणसाने ज्याला आमिष म्हटले, ते समुद्राच्या लेखी जेवण होते.

या साऱ्या प्रकरणात कॅपलिन, हेरिंग आणि माकूल यांच्याकडे कोणीही मासे म्हणून पाहिले नाही. ते शस्त्र होते, कर होता, तहातले कलम होते. आणि त्यांना पकडून होडीत भरणाऱ्या माणसाकडेही कोणी फारसे पाहिले नाही. न्यूफाउंडलंडच्या कायद्यामागची चीड न्याय्य होती, हे मान्य करायला हवे. बलाढ्य राष्ट्राच्या अनुदानापुढे एखाद्या लहान देशाने दुसरे करायचे तरी काय? पण ज्या वस्तूची कोंडी करायची, ती कोणाच्या हातात असते याचा हिशेब सेंट जॉन्सच्या विधिमंडळात झाला नाही. फ्रेंचांनी गोगलगाय शोधली. अमेरिकनांनी लवाद गाठला. व्यापाऱ्यांची वही चालूच राहिली. फॉर्च्यून बेमधल्या कोळ्याला मात्र पर्यायी आमिष नव्हते आणि पर्यायी गिऱ्हाईकही नव्हते. पहाटे भरलेली त्याची हेरिंगची होडी गस्ती आगबोटीच्या भीतीने खाडीत थांबून राहिली, तर दुपारपर्यंत तिचे खत झालेले असे.